उधारीच्या वहीत

रांगेत कसं उभं राहायचं, ते त्याला येत नव्हतं.
पुढच्या माणसामागे दोन हात जागा सोडून तो थांबला
आणि त्या जागेत लोक शिरत राहिले:
वाढदिवसाचं पोस्टर घेतलेली मुलगी,
व्हिसाच्या कागदांची पिशवी छातीशी धरलेला वेल्डर,
पुन्हा एक मुलगी.
त्याच्या पुढची जागा आजवर कुणी घेतलीच नसावी.

शारजात, विद्यापीठामागच्या मुवैल्यात
माझं झेरॉक्सचं दुकान. पान पंचवीस फिल्स,
बाइंडिंग दहा दिरहम.
पाऊण तासाने त्याचा नंबर लागला.
अठ्ठ्याण्णव पानं, जमिनीखालच्या पाण्यातल्या मिठावर.
कव्हर कुठलं, विचारलं, तर माझ्याकडेच बघत राहिला.
कार्डाचं मशीन सकाळपासून मेलेलं,
त्याच्या खिशात ना नाणं ना नोट.
असू दे, म्हटलं, लिहून ठेवतो. नाव?
जरा थांबला. मागेपुढे काही न लावता म्हणाला, सुहैल.
त्या नावाचा तारा दिसला की इथला उकाडा मोडतो म्हणतात.
उकाडा मोडला नव्हता.

मला कुठे माहीत!
संध्याकाळी फोटो फिरला, काचेआडून कुणी काढलेला:
थोरल्या शेखांचा नातू, रांगेत,
आणि कडेला एक कोपर.
चिपळुणातून मेहुणीचा फोन:
भावोजी, ते कोपर तुमचंच ना?
चौकटीचा शर्ट मी ओळखला.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं वाढली, कागद मात्र घटले.
एका पानाची एक प्रत काढायची
आणि काउंटरला रेलून उभं राहायचं.
खरंच एकटा होता? अत्तर कुठलं?
वसतिगृहात राहतो म्हणे, मोजे स्वतः धुतो का?
चहावाल्या कुन्हालीने तर सांगूनच टाकलं,
समोसा आमच्याकडे खाल्ला,
आणि एकाचा समोसा दीडला केला.
फुलांच्या दुकानातली रोवेना विचारायची,
डोळे कसे होते? उदास ना?
तिला ते उदासच हवे होते.

एक जण तर मशीनमध्ये अडकून चुरगळलेल्या पानाचे
दोनशे द्यायला तयार.
तसं एक पान होतं. कचऱ्यात नाही, माझ्या खणात.
समासात सरांची पेन्सिल:
हे पुस्तकातलं झालं, तुला काय वाटतं?
खाली त्याने काहीतरी लिहून खोडलेलं,
इतकं खोडलेलं की कागदाला भोक.
मी ताकास तूर लागू दिली नाही.
पण खोटं कशाला बोलू, रात्री शटर ओढल्यावर
ते पान ट्यूबलाइटसमोर धरलं.
भोकातून ट्यूबलाइटच दिसली.

महिन्याने त्याचा ड्रायव्हर आला, पाकीट घेऊन.
आत पाचशेची कोरी नोट.
चौतीस पन्नास झालेत, म्हटलं, सुट्टे नाहीत.
ठेवा सगळे, म्हणाला.
ज्याचे आहेत त्याने द्यावेत, म्हटलं.
तो बघत राहिला, मी उर्मट की वेडा ते ठरवत.

नातू काही आला नाही. शिकला, गेला.
पदवीचा समारंभ फोनवर बघितला,
मीसुद्धा, दोनदा.
मंचाकडे चालताना त्याच्या पुढे दोन हात जागा होती.
तिथे कुणी शिरलं नाही.

उधारीची वही मी मराठीत लिहितो.
या गल्लीत ती कुणाला वाचता येत नाही,
म्हणून विचारणारे येतात तेव्हाही
त्यांच्या हाताखाली उघडीच पडलेली असते.
वर इक्रामुल वेल्डर, सहा दिरहम.
खाली सुदानची इतिदाल, अकरा.
मधे तो,
ओळीला ओळ चिकटून.